मोडतोस का जोडतोस?

वाघमारे सर जावा शिकवायचे आणि त्यांच्या शिकवणीत एकही संगणक नव्हता. उस्मानपुऱ्यात एका मंडपवाल्याच्या गोदामावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत साठ पोरं, एक फळा आणि खडूची एवढी धूळ, की सहा महिन्यांचा कोर्स करून पोरगं घरी गेलं की आई म्हणायची, शहराचं पाणी मानवलं रे तुला, गोरा झालास. जिना असा अरुंद, की एखादं जाडं पोरगं एकदा वर चढलं की वाळल्याशिवाय त्याला उतरता यायचं नाही. हे मी थोडं वाढवून सांगतोय. माझी खोडच आहे ती. पुढे जिथे वाढवलेलं नसेल तिथे तसं सांगेन.

"संगणक आणून ठेवला की पोरगं त्याच्या तोंडाकडं बघतंय," सर म्हणायचे. "माझ्याकडं नाय, आन स्वतःच्या डोक्याकडं तर नायच नाय. आधी फळ्यावर चालवा. फळ्यावर पळालं की मशीनवर काय, गाढवावर बी पळंल."

फळ्यावर वर एक चौकोन काढायचे, तो बाप-क्लास. खाली दुसरा, तो लेक-क्लास. मध्ये बाण. बापाकडे जे जे आहे ते लेकाला न लिहिता मिळतं, त्याला वारसा म्हणायचं, इथपर्यंत सगळेच शिकवतात. पण लेकाच्या चौकोनात एखादी मेथड, म्हणजे काम करायची रीत, लिहायला कुणाला उठवलं, की सर खडू लगेच देत नसत. खडू मुठीत धरून विचारायचे, "मोडतोस का जोडतोस?" आणि त्या पोराने साठ जणांकडे तोंड करून मोठ्याने उत्तर द्यायचं. दिल्याशिवाय खडू नाही. नवीन पोरी लाजून मरायच्या, नवीन पोरं बाथरूमच्या नावाखाली पसार व्हायची.

"बापानं एक खोली बांधलीय," सर सांगायचे. "ती पाडायची आन त्याच जागी, त्याच मापाच्या दाराची आपली बांधायची. ते मोडणं. बापाची तशीच ठेवायची आन शेजारी दुसऱ्या मापाच्या दाराची नवी काढायची. ते जोडणं. पुस्तकात पहिल्याला ओव्हरराइड म्हणतेत, दुसऱ्याला ओव्हरलोड. दोन्ही चांगलं. वाईट एकच. मोडलं असं वाटतंय आन नुसतं जोडलंय. मग बाहेरचा माणूस बापाचं नाव घेऊन येतो आन सरळ बापाच्या जुन्या खोलीत घुसतो. तुमची नवी खोली रंग लावून तशीच बसलेली."

मोडतो म्हणणाऱ्याने मेथडच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, ओव्हरराइड अशी. सर तिला शपथ म्हणायचे. ती लिहिली, की कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी प्रोग्राम तपासणारा, स्वतः दोन्ही दारांची मापं ताडून बघतो. जुळली नाहीत तर प्रोग्राम पुढे सरकू देत नाही. लिहिली नाही, तर कुणाचं काही अडत नाही. सगळं सुरळीत चालतं आणि तेच वाईट. "बिनशपथेचा साक्षीदार आन बिनशपथेची मेथड," सर म्हणायचे, "दोघं बी तोंडाला येईल ते बोलतेत."

त्यांची कीर्ती एवढी, की एकदा पुण्याच्या कंपनीतला त्यांचा एक जुना विद्यार्थी सुट्टीला आलेला असताना लॅपटॉप घेऊनच जिन्यावर उगवला. तीन दिवस अडकला होता. सर पायरीवर बसून फुटाणे खात होते. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बापानं कपाटाला कुलूप लावलंय, आन तू लेकाला ते उघडायला सांगतोयस. बापालाच माग की, तो काढून देतोय." तो पोरगा असा पळाला, की एक चप्पल जिन्यात राहिली आणि दुसरी क्रांती चौकात सापडली. दुसऱ्या चपलेबद्दल खात्री नाही.

माझी पहिली भेट अशी, की सरांनी प्रत्येकाला नाव, गाव आणि घरी काय करतात ते विचारलं. मी म्हणालो, "शेती. चाळीस एकर."

"चाळीस?"

"पस्तीस-चाळीस असंल."

"पाटील, जमीन अंदाजानं सांगतोस, तू प्रोग्राम काय लिहिणार? खरी किती?"

"अकरा."

"मग अकरा सांगायचं की. अकरा बी लई झाली." आणि फळ्याकडे वळता वळता म्हणाले, "गप्पा कंपाइल व्हत नसतेत."

माझं आडनाव पाटील नाही, पण त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी मला पाटीलच म्हटलं. त्यात टोमणा किती आणि माया किती, याचं प्रमाण दिवसागणिक बदलायचं.

वारशाबद्दल ते इतरांपेक्षा वेगळं बोलायचे. एकदा कुणीतरी विचारलं, "सर, बापाकडनं सगळंच घ्यावं लागतं का?" सर खिडकीत जाऊन उभे राहिले. पैठणकडच्या एका खेड्यात त्यांच्या आजोबांकडे गावकीचं काम होतं. कुणी मेलं, की घुंगरांची काठी घेऊन दहा गावं अनवाणी सांगत फिरायचं. पावसात, उन्हात, तापातसुद्धा. आजोबा गेल्यावर गावाने ती काठी सरांच्या वडिलांच्या हातात दिली, जणू देणगीच. वडिलांनी दीक्षा घेतली, काठी गावच्या विहिरीत टाकली, शहरात येऊन कॉलेजात शिपाई झाले आणि लेकाला शिकवलं.

"माझ्या बापानं मोडलं," सर म्हणाले. "शपथेवर. पण अजून मी गावात गेलो की पारावरचा म्हातारा कोणाचा म्हणून विचारतोय. आजाचं नाव ऐकलं की त्याच्या डोक्यात जुनीच मेथड चालू व्हती. 'जा रे, तेवढा निरोप सांगून ये.' मी एम.एस्सी. झालेला माणूस." पोरं हसली. सरही हसले. "म्हणून सांगतो, आपण बदलून भागत नाय. हाक मारणारा कोणत्या नावानं हाक मारतोय, ते बी बघावं लागतंय."

कोर्स संपल्यावर मी त्यांच्याकडेच राहिलो. मागच्या खोलीत सर छोटी-मोठी सॉफ्टवेअरची कामं घ्यायचे. तिथे मात्र संगणक होते, दोन, त्यातला एक पंख्यापेक्षा जास्त आवाज करायचा. शाळांच्या गुणपत्रिका, एका वाचनालयाच्या पुस्तकांची यादी असली कामं. मी हाताखाली. हाताखाली म्हणजे चहा सांगण्यापासून सगळं मीच, आणि बाहेर मी सांगायचो की आमची कंपनी आहे.

तोवर सरांचे डोळे चालले होते. साखरेचा आजार जुना, पथ्य शून्य. बेसनाचा लाडू समोर आला की म्हणायचे, "हा बापाकडनं आलेला गुण हाय, मोडता येत नाय." आधी भिंगाने वाचायचे, मग छापील कागद खिडकीशी धरून, आणि शेवटी मला म्हणाले, "पाटील, तू वाच. मी ऐकतो." मग रोज दुपारी मी दिवसभरात लिहिलेलं पान मोठ्याने वाचायचो. सर डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून ऐकायचे, गाणं ऐकावं तसं. एखाद्या ठिकाणी बोट वर जायचं. "थांब. परत." आणि तिथे चूक असायचीच. प्रत्येक नव्या मेथडच्या आधी सवाल ठरलेला. मोडतोस का जोडतोस? मोडत असशील तर शपथ?

त्या वर्षी एका लहानशा दवाखान्याचं काम आलं. डॉक्टरांनी औषध लिहिलं आणि रुग्णाचं वय-वजन भरलं, की बाटलीवर चिकटवायचं लेबल छापून निघायचं, त्यावर मात्रा. किती चमचे, दिवसातून किती वेळा. बाप-क्लास रुग्ण. त्याला मात्रा नावाची मेथड, मोठ्या माणसांच्या हिशेबाची. तिथे वजन कितीही कमी भरलं तरी एक ठरलेली किमान मात्रा निघणारच. त्याच्याखाली लेक-क्लास, बालरुग्ण. त्याची मात्रा वेगळी, वजनाच्या तोलाने काढायची. म्हणजे बापाची मोडायची. साधं काम. मी ते अर्ध्या तासात लिहिलं. इथून पुढे मी काही वाढवलेलं नाही.

बापाच्या मेथडमध्ये वजन डबल या जातीचं होतं, मी लेकाच्या मेथडमध्ये फ्लोट लिहिलं. दोन्ही अपूर्णांक आकडेच, एक मोठ्या भांड्यातला, एक लहान. माणसाला फरक वाटत नाही. जावाला वाटतो. तिच्या लेखी दाराचं माप बदललं, म्हणजे ही दुसरीच खोली. बापाची मोडलीच नाही, शेजारी एक जोडली गेली. आणि वर शपथेची ओळ मी लिहिली नव्हती. मला ते शिकाऊ पोरांचं काम वाटायचं. कोर्स संपून दोन वर्षं झाली होती माझ्या.

दुपारी वाचायला बसलो. सरांनी विचारलं, "मोडतोस का जोडतोस?"

"मोडतो सर."

"शपथ?"

"घातली सर," मी म्हणालो. मनात, नंतर घालू. आणि वजनाची जात न सांगता नुसतं 'वजन' म्हणून पुढे गेलो. त्या दिवशी सरांचं बोट वर गेलं नाही. नंतर ती ओळ घालायची राहून गेली. तपासताना मी थेट बालरुग्ण बनवून, फ्लोटच्या मापाचं वजन देऊनच तपासलं, त्यामुळे माझी नवी खोली झकास उघडली. दवाखान्यात मात्र प्रोग्राम सगळ्यांना रुग्ण या एकाच नावाने हाक मारायचा. मोठा असो की तान्हा.

पडेगावची एक पोरगी होती, दोन वर्षांची. तापात झटका आला म्हणून आणली होती. डॉक्टरांनी औषध दिलं. लेबल छापून निघालं, पाव चमच्याऐवजी दोन चमचे, दिवसातून तीन वेळा. तिची आई औषधाच्या खिडकीशी म्हणाली होती, "एवढं?" आतला माणूस म्हणाला, "ताई, हाताचं नाही, मशीननं छापलंय." तिने घरी नेऊन दोन वेळा पाजलं. पोरगी झोपली ती उठेना. परत आणली. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती आणि त्या दोन दिवसांत घरातले सगळे आईलाच विचारत होते, किती पाजलंस? नीट सांग, किती पाजलंस? तिने बाटली जपून ठेवली होती म्हणून, नाहीतर ते कायमचं तिच्याच माथी राहिलं असतं. तिसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडले आणि खायला मागितलं. तिला घरी सोडताना डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल बघितलं आणि सरांना फोन केला.

फोन ठेवल्यावर सर बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "ते पान वाच. बालरुग्ण."

मी वाचलं. यावेळी फ्लोटही वाचला. आणि जी ओळ तिथे नव्हती तीही वाचली.

"शपथ हाय?" सरांनी विचारलं.

"हाय सर."

"मग कंपायलरनं कसं सोडलं?"

शपथ असती आणि दाराचं माप चुकलेलं असतं, तर प्रोग्राम मुळात चाललाच नसता. फळ्यासमोर पहिल्या आठवड्यात बसलेल्या पोरालाही हे कळलं असतं. मागच्या खोलीत तो म्हातारा संगणक घोंघावत होता.

"मग कंपायलरच खोटं बोलला म्हणायचं," सर म्हणाले आणि चष्मा लावून उठले. मला वाटलं, निभावलं.

दवाखान्यात डॉक्टरांपुढे सरांनी दोन वाक्यांत सांगितलं. प्रोग्राम माझा, चूक माझी. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना आम्ही सांगू, तुम्ही जाऊ नका, डोकी तापलेली आहेत. सर म्हणाले, "नाय. त्या बाईला लोक अजून विचारत असतील. मी जातो." मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून पडेगावला नेलं. सगळ्या रस्त्याने त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, कारण खड्डे त्यांना दिसत नव्हते.

दौलताबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला घर होतं, दारात ट्रॅक्टरची ट्रॉली, ओट्यावर खाट. खाटेवर पोरीचे आजोबा. सर मला म्हणाले, "तू गाडीपाशी थांब." मी फाटकाजवळ थांबलो, दहा-बारा पावलांवर. सगळं ऐकू येत होतं.

सर ओट्याखाली उभे राहिले. "मी वाघमारे. बाटलीवरचा कागद ज्या प्रोग्राममधून निघाला तो माझा हाय. चूक आमची. तुमच्या सूनबाईंनी कागदावर होतं तेवढंच पाजलं. त्यांना कुणी काय म्हणू नका, हे सांगायला आलो."

सूनबाई दारात उभी होती, पोरगी कडेवर. आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

म्हातारा म्हणाला, "वाघमारे म्हणजे कुठले?"

"पैठणकडचे."

"म्हणजे..." म्हाताऱ्याने सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं. सुनेकडे न बघता हात केला, "तांब्या आत ने." ती तशीच उभी राहिली, मग आत गेली. "आता ध्यानात आलं. सवलतीत शिकायचं, सवलतीत पास व्हायचं, आन लोकांच्या लेकराच्या जिवाशी खेळायचं. तुमच्या हातात असली कामं देतो कोण? रक्तातच नसतंय ते, कुठून येणार?"

मी फाटकाजवळ होतो. म्हाताऱ्याची बोली माझ्या चुलत्याची बोली होती, खाट आमच्या घरातल्यासारखी, ट्रॉलीवर लिहिलेलं नावही आमच्या भावकीत बसेल असं. एक वाक्य पुरेसं होतं. आजोबा, ते मी लिहिलंय. फाटकाला हात लावला तर कडी वाजेल म्हणून मी हात खिशात घातले.

सर म्हणाले, "सवलतीत शिकलो, व्हय. चूक माझी एकट्याची हाय. ती माझ्या आडनावावर लिहू नका."

"निघा," म्हातारा म्हणाला.

परत येतानाही सरांचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण वाऱ्याचा आवाज होता, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं.

सरांनी बाहेरची कामं घेणं बंद केलं. दवाखान्याचा प्रोग्राम त्यांनी माझ्याकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा लिहून घेतला, प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली, मग काम डॉक्टरांना सोपवून हात जोडले. मागच्या खोलीत मंडपवाल्याच्या खुर्च्या आल्या. शिकवणी मात्र चालू राहिली, डोळे जाऊनही. फळा त्यांना दिसत नव्हता, पण खडूच्या आवाजावरून सांगायचे, "बाळ, कंस मिटला नाय." हे खरं आहे, मी स्वतः ऐकलंय. मला सहा महिन्यांत पुण्यात नोकरी लागली. कंपनीने सरांकडे विचारणा केली तेव्हा सरांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. नोकरी लागली, एवढं खरं.

पुण्यात मी वाघमारे सरांच्या गोष्टींवर जगलो. फुटाणे, क्रांती चौकातली चप्पल, सगळं. कॅन्टीनमध्ये माझ्याभोवती घोळका जमायचा. प्रत्येक वेळी सर थोडे मोठे व्हायचे, जिना थोडा अरुंद. पडेगावची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या पोरांना मात्र शपथेच्या ओळीवरून असा झापायचो, की त्यांना वाटे, या माणसाचं त्या ओळीशी काहीतरी जुनं वैर आहे.

सात वर्षांनी सरांची किडनी बसली असं कळलं आणि मी पुंडलिकनगरला त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत पलंगावर ते भिंतीला टेकून बसले होते. पाय सुजलेले. माझ्या पावलांवरून म्हणाले, "या पाटील. किती एकर झाली आता?"

"अकराच हायेत सर."

"सुधारला," ते म्हणाले.

मी ठरवून गेलो होतो. बसल्या बसल्या सांगितलं. शपथ घातली नव्हती, दोन्ही वेळा खोटं बोललो, फाटकाजवळ गप्प राहिलो. सगळं सांगायला जेमतेम दोन मिनिटं लागली. सात वर्षं वाहिलेलं ओझं एवढंसं निघालं, याचीच लाज वाटली.

"कंपायलर खोटं बोलत नसतोय, पाटील," सर म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं व्हतं."

"मग मला का वाचवलंत?"

"वाचवलं?" त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "कुठं वाचवलं? ऐकून पास करणारा मी व्हतो, म्हणून माझी चूक मी सांगितली. तुझी मोडली नाय. तुझ्या शेजारी माझी जोडली. तुझी तिथंच हाय अजून, जशीच्या तशी."

"आता काय करू सर?"

"माझं काय नाय राहिलं. पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात त्या दिवशी एक गोष्ट पक्की बसली. उद्या माझ्या आडनावाची एखादी पोरगी त्याच्या दारात नर्स म्हणून जाईल, डॉक्टर म्हणून जाईल. तुझी चूक तिला वारशात भेटंल. तिनं काय केलंय? मी सांगून उपयोग नाय. मी सांगितलं की तो आडनाव ऐकतोय. तू सांग."

"जातो सर."

"मोडतोस का जोडतोस?"

"मोडतो."

त्यांनी शपथ विचारली नाही. मी वाट पाहिली, पण विचारली नाही. माझं तोंड मी दाराकडे वळवलं होतं, हे त्यांना न दिसताही दिसलं असावं.

मी त्या खेपेला गेलो नाही. पुण्याला परत गेलो, कामं होती. दीड महिन्याने सर गेले. अंत्यविधीत बुद्धवंदना चालू असताना त्यांचे इतक्या वर्षांतले विद्यार्थी रस्त्यापर्यंत उभे होते. कुणीतरी मला म्हणालं, तुम्ही बोला, तुमच्याइतके किस्से कुणाकडे नाहीत. मी हात जोडून मागे सरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढून पडेगावला गेलो.

घराला रंग लागला होता. ओट्यावर तीच खाट आणि खाटेवर तोच म्हातारा, अंगाने निम्मा झालेला. मी फाटक उघडलं, कडी वाजली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर म्हातारा सरसावून बसला. "अरे, आपलेच की. वर या, खाली का उभे? त्या गावात आमची सोयरीक हाय." मला हाताला धरून खाटेवर शेजारी बसवलं. सुनेला आवाज दिला, "चहा ठेव गं, पाव्हणे आलेत."

मी सांगितलं. नातीच्या बाटलीवरचा कागद, तो प्रोग्राम मी लिहिला होता. वाघमारे सरांनी नाही. त्यांचे डोळे गेले होते, मी त्यांना खोटं सांगितलं. तुम्ही त्यांना त्यांच्या जातीवरून जे बोललात, ते माझ्या चुकीवरून बोललात. मी तिथे फाटकापाशी उभा होतो.

म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चालायचंच, पाटील," तो म्हणाला. "माणूस हाय, चुकतोय. पोरवय व्हतं तुमचं. पोरगी देवाच्या दयेनं चांगली हाय, चौथीत गेली. तुम्ही एवढं लांबून येऊन सांगितलं, हाच मोठेपणा. खानदान दिसतंय त्यात."

"आजोबा, सरांना तुम्ही म्हणालात, रक्तातच नसतं."

"म्हणालो असंल रागात. आता काय ध्यानात बी नाय. सोडा ते."

आतून त्या मुलीची आई चहा घेऊन आली. दारात तिने सगळं ऐकलं असणार, घर तेवढंच होतं. मी चहा नाकारला असं इथे लिहायचा मोह होतोय. फार चांगलं दिसेल ते. पण तिने कप पुढे केला आणि मी घेतला.

ती आत गेली नाही. सासऱ्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली.

"ते सर कुठं असतेत आता?" तिने विचारलं. "त्यांना त्या दिवशी पाणी द्यायचं राहिलं."

मी सांगितलं, परवा गेले.

ती माझ्या हातातल्या कपाकडे बघत राहिली. त्यातला एक घोट मी आधीच घेतला होता.